पुलावरचं मढं

"तर तो सीडी आणायला निघाला," मिस्त्री म्हणाले. "बाकी काही नाही. एक सीडी."

लाइट जाऊन तास झाला होता. सहा मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लटकली होती. आत कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. खालच्या पायऱ्यांवर तीन पोरं बसली होती. तिघांचेही मोबाइल मेले होते, म्हणून ती ऐकत होती. नाहीतर मिस्त्रींचं कोण ऐकतं?

"भुताची आहे ना?" थोरल्याने विचारलं.

"खरी आहे. माझा जोडीदार तो. अठरा वर्षं तो लिफ्टच्या टपावर चढून काम करायचा आणि मी खाली मेन स्विचपाशी उभा. कोणी येडा येऊन स्विच टाकू नये म्हणून. मी हललो तर तो गेला. कळलं? आता मध्ये तोंड घालाल तर गोष्ट बंद. लिफ्टही बंदच राहील."

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. संध्याकाळचे साडेसात. लिफ्टवाल्याने हात धुतले, ग्रीस काही निघालं नाही, तसाच घराबाहेर पडला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पण सगळ्या जगावर खार खाऊन. चहा गार असला तर चिडायचा, गरम असला तरी चिडायचा. आणि सगळ्यात जास्त चिडायचा मुलीच्या गेमवर. मुलगी सोळा वर्षांची, जीभ बापाचीच.

त्या दिवशीही निघता निघता वाजलंच दोघांचं.

"आत्ता मेलीस ना तू? मग उभी कशी?"

"बटण दाबलं."

"आणि सामान?"

"सामान कुठे जाणार बाबा? माझंच आहे की."

"हेच! हेच बिघडवलंय तुम्हाला! बाण दाखवतो तिकडे जायचं, मेलं की फुकट उठायचं, वर टोपी बक्षीस. कशाची टोपी? मेल्याची?"

"मग काय, मेल्यावर रडत बसू?"

"हो!" तो दारातून ओरडला. "थोडं तरी!"

त्याच्या तरुणपणीचा गेम वेगळा होता. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत रात्री नऊला हे तिघं बसायचे. हा, त्याचा दोस्त डुलक्या आणि तिसरा चिकट्या. डुलक्या म्हणजे कीबोर्डवर डोकं ठेवून डुलक्या काढणारा. गेममध्ये लिफ्टवाल्याचं नाव लोखंड्या, बाकी दोघांची हीच. नकाशा नाही, बाण नाही, घोडा नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर वीस मिनिटं नुसतं चालायचं. हजारो लोक एकाच वेळी त्या जगात, आणि सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले.

आणि मेलात, तर मढं तिथेच पडायचं. तलवार, चिलखत, पिशवी, सगळं मढ्यावर. तुम्ही उठायचात लांब गावाच्या विहिरीपाशी, लंगोटीवर. अनवाणी चालत यायचं, मढं गाठायचं, सामान उचलायचं. तासाभरात पोचला नाहीत तर मढं विरून जायचं. आणि तेवढ्यात कोणी चोर आला, तर पिशवी साफ.

म्हणून दोस्त मढं राखायचे. मेलेला लिहायचा, "राखतोस ना?" दोस्ताने लिहायचं, "राखतोय." एकदा लिहिलं की संपलं. मढ्याकडे पाठ, तोंड बाहेर, असं उभं राहायचं. घरून बोलावणं येवो, कॅफेवाला शटर ओढो. मेलेला येऊन "उठलो" म्हणेपर्यंत राखणाऱ्याने हलायचं नाही.

"आमच्या वेळी माणसं मढं राखायची," लिफ्टवाला मुलीला दिवसातून तीनदा ऐकवायचा.

"आणि अभ्यास?" धाकट्या पोराने विचारलं.

"तुझ्याइतकाच," मिस्त्री म्हणाले. "ऐक."

तो गेम कधीच बंद पडला होता. पण त्या आठवड्यात जुन्या लोकांच्या ग्रुपवर एकाने कळवलं की त्याच्याकडे सगळ्याची कॉपी आहे. मंगळवारी रात्री नऊ ते एक तो चालू करणार. जसाच्या तसा. ज्याच्या सामानाच्या पेटीत जे होतं ते तसंच. एकदाच. मग मशीन मोडीत.

गेम टाकायला जुनी सीडी हवी. सीडी होती डुलक्याच्या घरी, आणि डुलक्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. साधा ताप आला, आठ दिवसांत गेला. बावीस वर्षांचा पोरगा. घरी त्याची मोठी बहीण होती, एकटी. शिवणकाम करायची.

ताईंनी मशीन न थांबवताच त्याला बसायला सांगितलं. सीडी टेबलाच्या खणात होती, बटणांच्या डब्याखाली. त्यांनी ती फडक्याने पुसून दिली.

"घे. मला काय उपयोग?" मग मशीन थांबलं. "एक विचारू का रे? तापात शेवटी शेवटी एकच धरलं होतं त्याने. त्याला विचार, राखतोय ना. सांग, मी निघालोय. दिवसरात्र तेच. काय राखायचं होतं तुला?"

"काही नाही ताई. खेळातलं."

"तेवढं राखायचं होतंस की मग."

त्याने सीडी खिशात घातली आणि निघाला. "येतो" म्हणायचंही राहिलं.

मिस्त्री थांबले. अंधारात कोणीतरी पाय आखडून घेतले.

कारण त्याने राखलं नव्हतं. डुलक्याने चार महिने खपून एक ढाल मिळवली होती. काळी, मध्ये लाल खूण. अख्ख्या गेममध्ये तशी एकच. एका रात्री डुलक्या पुलावर मेला. विचारलं, "राखतोस ना?" याने लिहिलं, "राखतोय." चिकट्या तेव्हा चहा पिऊन नुकताच येऊन बसला होता. यानेच पिशवी उघडली. यानेच ढाल काढली. डुलक्या वीस मिनिटं अनवाणी चालत आला तर पिशवी रिकामी. आणि हा शहाणा म्हणतो, "चिकट्याने उचलली असणार. मी जरा बाजूला गेलो होतो."

डुलक्याने चिकट्याशी बोलणं टाकलं. ते टाकलं ते टाकलंच. आठ महिन्यांनी गेला. आणि ढाल? चोरीचा माल घालून मिरवणार कुठे? पेटीत. गेम बंद पडेपर्यंत पेटीत.

"हरामखोर," मधला पोरगा म्हणाला.

"माझा जोडीदार आहे तो," मिस्त्री म्हणाले. "पण बरोबर बोललास."

नऊला घरच्या संगणकात सीडी टाकून तो आत गेला. सेहेचाळीस माणसं आली होती. सगळी टकली, पोटं सुटलेली, पण पडद्यावर तरणीताठी. "ए म्हाताऱ्या!" "अजून जिवंत का रे?" "गुडघे दुखतात का लोखंड्या, हळू चालतोयस!" नुसता गोंधळ. तीच विहीर, तेच ठोकळ्यांचं गवत, तोच बेसूर कोंबडा. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले. मग कोणाला सकाळची ड्यूटी, कोणाची बायको ओरडली. एकेक गळाला. वर कोपऱ्यात आकडा असायचा, आत किती जण आहेत त्याचा. साडेअकराला नऊ. बाराला चार.

सव्वाबाराला... एक.

घरात बायको आणि मुलगी झोपलेल्या. त्याने पेटी उघडली. ढाल होती. आता बघायला कोणी नाही म्हटल्यावर त्याने ती हातात चढवली. आणि चालत चालत पुलावर गेला. का गेला, ते त्यालाही सांगता येत नाही.

पुलावर मढं होतं.

तासाभरात विरतं ते मढं. एकवीस वर्षं झाली होती. वर नाव लिहिलेलं. डुलक्या.

त्याने वर कोपऱ्यात पाहिलं.

दोन.

खाली अक्षरं उमटली. कोणाची, नाव नाही.

"राखतोस ना?"

तो बघत बसला. संगणक बंद करायचा होता त्याला. पण बोटांना सवय... बोटांनी लिहून टाकलं. "राखतोय."

"निघालो."

विहिरीपासून पुलापर्यंत वीस मिनिटं.

त्याने घड्याळ पाहिलं, पावणेएक. मग वाटलं, बरंच झालं. ढाल परत ठेवू. माफी मागू. त्याने पिशवी उघडली, ढाल आत ठेवली. ढाल याच्या हातात. पुन्हा ठेवली. पुन्हा हातात. पाचदा. सहादा.

एक वाजला. गेम बंद व्हायला हवा होता. झाला नाही.

एक वाजून पाच मिनिटं. वाटेच्या टोकाला कोणीतरी दिसलं. लंगोटीवर. धावत नव्हतं. चालत होतं.

पावलांचा आवाज यायला लागला. अनवाणी पावलं. थप... थप... लिफ्टवाल्याने स्पीकरचा आवाज कमी केला.

आवाज कमी झाला नाही.

त्याने स्पीकरची पिन काढली.

थप.

थप.

फरशीवर. घरातल्या. दाराबाहेर.

पडद्यावरचा पुलाच्या टोकाशी थांबला. दाराबाहेरचाही थांबला.

"राखलंस?"

...

"राखलंस?"

कबूल करायचं होतं रे. दोन शब्द. डुलक्या, मीच. एवढं लिहिलं असतं तरी... पण हा पुन्हा तेच करून बसला. पळाला. वायर धरली आणि खसकन ओढली.

अंधार.

कोणी आलं नाही. दार वाजलं नाही. तो उजाडेपर्यंत दिवा लावून खुर्चीत बसून राहिला.

"एवढंच?" थोरला म्हणाला, पण हळू.

"सकाळी ग्रुपवर फोटो आला," मिस्त्री म्हणाले. "ज्याने गेम चालू केला होता त्याने टाकलेला. खाली लिहिलं होतं, बंद करायला जरा उशीर झाला, हा शेवटचा फोटो. लोखंड्या, तू कशाने मेलास रे?"

फोटोत पूल होता. डुलक्याचं मढं नव्हतं. त्या जागी लोखंड्याचं मढं पडलं होतं, ढालीसकट. आणि मढ्याशेजारी एक जण उभा. लंगोटीवर. डोक्यावर नाव नाही. मढ्याकडे पाठ, तोंड बाहेर.

ढालीला त्याने हात लावला नव्हता.

"मग चांगलाच म्हणायचा की," धाकटा म्हणाला. "याने चोरी केली तरी तो राखतोय."

"हो ना. चांगलाच." मिस्त्रींनी अंधारात लटकलेल्या लिफ्टच्या दिशेने पाहिलं. "पण राखतात कोणाला रे? जिवंत माणसाला?"

धाकटा थोरल्याकडे सरकला.

लिफ्टवाल्याने गेम चालू करणाऱ्याला सकाळी सात वेळा फोन केला. एक मिनिट चालू कर, फक्त विहिरीपाशी उठू दे, चालत जातो, "उठलो" म्हणतो आणि येतो. तो माणूस हसला. मशीन मोडीत गेलं होतं, भंगारवाला आठलाच येऊन घेऊन गेला. आता उठायला विहीर कुठली? आणि मेलेला उठलो म्हणेपर्यंत राखणारा हलत नाही. नियमच तो.

तेव्हापासून हा रोज सकाळी डोळे उघडले की अंथरुणात बसून ओरडतो. "उठलो! डुलक्या, उठलो रे!" शेजाऱ्यांना वाटलं, योगासनं करतो. मुलगी पहिल्यांदा हसली. मग एकदा तिने त्याचा चेहरा बघितला. आता तीही नाही हसत. चिकट्याला गाठून सगळं सांगितलं त्याने, पाय धरले. ताईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मशीन चालू केलं आणि शिवत बसल्या.

टपावर चढणं त्याने सोडलं. मी म्हटलं, अरे मी आहे ना खाली स्विचपाशी. तर माझ्याकडे असं बघितलं... म्हणाला, तूही राखतोसच म्हण की.

"आता कुठे असतात ते?" थोरल्याने विचारलं.

"घरी असतो. जिवंत आहे. म्हणजे... जेवतो, बोलतो."

मिस्त्रींनी पाय जवळ घेतले.

जानेवारीत त्याची बायको पहाटे पाचला उठली. कडाक्याची थंडी. अनवाणी निघाली स्वयंपाकघरात, फरशी नुसती बर्फ. नवऱ्याच्या बाजूने वळसा घालून जाताना तिचा पाय पडला... आणि ती थांबली.

तिथली फरशी कोमट होती.

तिने पाय सरकवला. गार. परत ठेवला. कोमट. तिने दिवा लावला. काही नाही, नुसती फरशी. मग खाली बसून हाताने चाचपडत गेली. वीतभर लांबीच्या दोन जागा, शेजारी शेजारी. बाकी सगळी गार. कोणीतरी रात्रभर एकाच जागी उभं असावं तशा.

टाचा पलंगाकडे. बोटं दाराकडे.