टाच न टेकलेली पावलं

हस पोरी, हस. काळोख पडल्यावर नवे बूट घालून मिरवतेस आणि वर मलाच जुनाट म्हणतेस! बस इथं. आणि तू रे, तो मोबाईल ठेव खाली. आपल्या सुमा भागातल्या उतारावर इसाओ राहायचा, माझ्या शेजारी. त्याची गोष्ट आहे. खोटं बोलत असेन तर जीभ झडो.

त्याची बायको तोमिए. मोठ्या दुकानात तीस वर्षं उंच टाचांच्या बुटांवर उभी राहिली. असं आयुष्य काढलं की पोटरीची शीर आखडते. घरी अनवाणी चालायची तेव्हा टाच टेकायचीच नाही तिची, नुसते चवडे. "आलं का मांजर?" मी चिडवायचो. "तुम्ही चाललात की माझ्या फडताळातल्या बश्या नाचतात, त्याचं बघा," म्हणायची. जानेवारीत गेली. झोपेतच. इसाओ रडला नाही. नुसता बसून असायचा. जेवायचा, पण काय जेवला ते विचारलं तर सांगता यायचं नाही. आता घरात तो आणि लेक होनोका, दोघंच.

फेब्रुवारीतला रविवार. रात्रीचे साडेनऊ. तोमिएचे एकोणपन्नास दिवस भरायला अजून पंधरवडा होता, आणि तोवर गेलेलं माणूस घरातच असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. दूध संपलं होतं. होनोका म्हणाली, "बाबा, मी आणते. उद्या मुलाखत आहे, नवे बूट तेवढेच पायाला सरावतील." चटईवरच बूट चढवले, दोन फेऱ्या मारल्या आणि तशीच खाली उतरून बाहेर!

अरे देवा, घरातच बूट घालून रात्री सरळ दाराबाहेर कोण जातं? शवपेटी उचलणारे! तोमिए असती तर झिंज्या धरून मागं ओढली असती. निघायचंच झालं तर आधी बुटाच्या तळाला काजळी फासायची. विजेची शेगडी आली, काजळी मिळेना, तेव्हापासून ती देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या राखेचं बोट फिरवायची. इसाओनं सगळं पाहिलं. पण जीभच उचलली नाही त्याची.

जरा वेळानं टाळकं ठिकाणावर आलं. सपाता अडकवून धावला. खाली उतारावर होनोका दिसली. नव्या बुटांच्या त्या उंच हिलवर उतरायचं म्हणजे सगळा भार चवड्यांवर, गुडघे वाकलेले, पाऊल बोटभर. टक... टक... टक. तो हाक मारणार, एवढ्यात ती रेल्वे फाटकात पोचली.

टक थांबली.

हिल रुळाशेजारच्या फटीत गेली होती. घंटा वाजायला लागली. दांडे खाली आले. होनोका पाय ओढत होती. घोट्यावरचा पट्टा सुटेना.

इसाओला पळायचं होतं. पाय हलेनात. काही वाटतच नव्हतं, म्हणाला. भीतीसुद्धा नाही...

गाडीचा दिवा दिसला.

होनोकानं एकदम खाली पाहिलं. पायाशी. कुणाकडं तरी. तिथं कुणी नव्हतं.

...

गाडी गेली. होनोका दांड्याच्या अलीकडं बसलेली. एक पाय उघडा.

"बाबा," ती म्हणाली, "कुणीतरी वाकलं. पट्टा सोडला. माझी टाच हातात घेतली आणि वर उचलली. मी लहान असताना आई बूट काढायची ना... तश्शी."

इसाओनं तिला धरून घरी आणलं. दार उघडलं, आणि उंबऱ्यातूनच मला हाक मारली. म्हणून मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

देव्हाऱ्यापासून दारापर्यंत चटईवर राखेची पावलं. बोटं आणि चवडा. टाच कुठंच नाही.

होनोका फडकं घेऊन आली. "राहू दे," इसाओ म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "दादा, मला नीट दिसत नाहीये. परत आत आलेली आहेत का बघा जरा."

मी गुडघ्यांवर बसून एकेक पाऊल पाहिलं. सगळी दाराकडंच जात होती.

"अजून पंधरा दिवस होते की हो तिचे," इसाओ म्हणाला.