भट्टीपुढची रिकामी मांडणी

"भट्टीचं छत खाली आलंय, ताबडतोब या," एवढंच बोलून मालकांनी फोन ठेवला.

विम्याच्या तपासनीस बाई चहा अर्धा टाकून निघाल्या. चिनी मातीची बेसिनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात भट्टी एकच होती. साचेखाना कितीही पळो, सगळा माल तिच्याच तोंडातून जायचा. म्हणून मालकांनी नवा नियम केला होता. भट्टीच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, आणि भट्टीपुढची मांडणी कच्च्या मालाने कायम भरलेली ठेवायची, म्हणजे भट्टी खोळंबणार नाही. नियमाने माल दीडपट निघू लागला होता. आता मात्र भट्टीत नुसता विटांचा ढीग होता.

"उष्णता मोजणारी दांडी वीतभर बाहेर ओढलेली सापडली," मालक म्हणाले. "आकडा कमी दिसला, जाळ रात्रभर आपोआप वाढत गेला. दांडीला हा एकटाच हात लावतो. आजच घरी पाठवतोय त्याला."

भट्टीवाला मान खाली घालून उभा होता.

"दांडी तू ओढलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. काल संध्याकाळी पुसायला काढली होती. नीट बसवली, असं वाटतं."

"वाटतं?"

"आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही."

बाईंना चीड आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे संन्यासीच फास गळ्यात घालून घेत होता.

शेजारी साचेखान्याचा प्रमुख होता, भट्टीवाल्याचा सख्खा थोरला भाऊ. सगळा कारखाना त्याला दादा म्हणायचा. "लहानपणापासून वेंधळाच आहे हो," तो म्हणाला. "मीच वाढवलाय, पण त्याची बाजू कोणत्या तोंडाने घेऊ?"

बाईंनी भट्टीपुढे बोट केलं. "मांडणी रिकामी कशी?"

"भट्टीच बंद, तर माल मांडेल कोण?" मालक हसले.

"मांडणी भरतात कधी?"

"आदल्या संध्याकाळी, घरी जाताना."

बाई साचेखान्यात गेल्या. तिथे कारागीर भिंतीला टेकून बसले होते.

"काम नाही का?"

"भट्टीपेक्षा जास्त करायचं नाही ना," एकजण म्हणाला. "पण मालक म्हणतात, बसायचा पगार मिळणार नाही. महिनाअखेरीस निम्मे घरी."

मागच्या दमट खोलीत ओल्या गोणपाटाखाली कच्ची बेसिनं ओळीने ठेवलेली होती. एकालाही तडा नव्हता.

"ही मांडणीवर का नाहीत?"

"काल इथेच ठेवायला सांगितली. भट्टीच्या झळीत फार वेळ राहिली की तडकतात, बाई."

बाईंनी सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं.

"छत पडलं ते सकाळी कळलं," त्या म्हणाल्या. "मांडणी मात्र काल संध्याकाळीच रिकामी राहिली. आज भट्टी माल घेणार नाही, हे आदल्या दिवशीच कुणाला ठाऊक होतं? ज्याने माल रोखला, त्याला. साचेखान्यात दुसऱ्या कुणाचा हुकूम चालतो का, दादा?"

दादाचा चेहरा पांढरा पडला.

"दांडी मीच ओढली. मालाचा एक घाणा बिघडेल, नियमाचं नाक कापलं जाईल, एवढंच मनात होतं," तो पुटपुटला. "छत पडेल असं वाटलं नव्हतं. माझी माणसं बसलेली दिसायची, म्हणून हे मालक त्यांना काढायला निघाले होते."

"पोलिसांना बोलवा!" मालक ओरडले.

"बोलवा की," बाई कडवटपणे म्हणाल्या. "भट्टीच्या चालीने चाला म्हणालात, तर बाकीचे हात मधूनमधून रिकामे राहणारच. तेच हात तोडायचे, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मालकांनी मान फिरवली.

"माल वाचवायची काय गरज होती, दादा?" बाईंनी विचारलं. "मांडणी भरली असतीत, तर सापडला नसतात."

"हातचं बेसिन तडकलेलं मला बघवत नाही, बाई. जन्म गेला त्यात."

तेव्हा कुठे भट्टीवाल्याने मान वर केली.

"आणि मी, दादा?" तो म्हणाला. "मला तडकलेलं बघवलं तुला?"

दादाने त्याच्या खांद्याकडे हात नेला. भट्टीवाला बाजूला झाला आणि खाली वाकून विटा उचलू लागला.