आईनं उसवलेला कोट

त्या दिवशी मी साधी कडी आणायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराला, बाहेरून लावायची. आईनं पुन्हा गॅस उघडा टाकला होता. शिवाय पडदे! खिडकीचे पडदे कापून ती कोट शिवत बसली होती. दिवसभर शिवायचं, आणि सकाळी पाहावं तर बाह्या उसवलेल्या. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

आयुष्यभर तिनं शिवणकाम केलं. गिऱ्हाईक मापाला जुना कपडा ठेवून जायचं. ती त्याची घडी घालून मशीनवर ठेवायची आणि वर खडू. मापात चूक म्हणून कधी झाली नाही. आणि आता हा कोट. बाह्या माझ्या घोट्यापर्यंत लोंबत होत्या.

"कुणाचं माप हे?"

"त्यांचं." तिनं कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "हळू बोल... उभे आहेत."

कोपऱ्यात बंद पडलेला पंखा होता. मी कपाळावर हात मारला आणि ताईला फोन लावला.

"आईला परक्यांत टाकणार तू?" ताई म्हणाली.

"मग तू ने."

"अरे, माझ्याकडे जागा कुठंय?"

शहाणपण शिकवायला मात्र हिच्याकडे जागाच जागा! स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणारी एक संस्था मी पाहून ठेवली होती. तिथली खाट त्याच संध्याकाळी पक्की केली. मग रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

निघायच्या सकाळी आई मशीन सोडेना. कोट अर्धा राहिलाय, एवढंच तिचं तुणतुणं. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मीच मशीनवर बसलो. टाके घालायला तिनंच शिकवलं होतं मला. खोलीत बरीच वर्षं न उघडलेल्या पेटीसारखा कुबट वास येत होता, मानेला गार लागत होतं. एकदाचं सुटू दे, म्हणत मी दोन्ही बाह्या जोडल्या आणि कोट खुंटीला अडकवला.

संस्थेतली परिचारिका भली बाई होती. आई शहाण्यासारखी खाटेवर बसली. मी निघालो तसं तिनं माझं मनगट धरलं.

"कोट..."

"झाला, आई. मी पुरा केला. आता सोड ती काळजी."

तिचा चेहरा पडला. कितीतरी महिन्यांनी ती मला ओळखून पाहत होती.

"अरे वेड्या... रोज 'उद्या या' म्हणून टोलवत होते मी त्यांना. मुद्दाम उसवत होते..."

"का पण?"

"अंगावर कपडा आला की घरातच राहतो, म्हणाले..."

परिचारिकेनं मला नजरेनंच 'जा' म्हणून खुणावलं. मी निघालो. आजारी माणसाचं बोलणं किती मनावर घ्यायचं?

घरी पोचलो तेव्हा उन्हं होती अजून. कुलूप माझ्याच हातानं काढलं. घर शांत होतं आणि मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. चहा टाकला. कडी लावायची आता गरज नव्हती. सहज आईच्या खोलीत डोकावलो.

खुंटी रिकामी होती.

मशीनवर माझा निळा शर्ट होता, सकाळी दोरीवर वाळत घातलेला. अजून ओलाच होता. त्याची नीट घडी घातली होती, आणि वर खडू.