मोसंबीचा डोळा

"हे काय करून ठेवलंत?" तिने विचारलं, आणि शिडी खांद्यावर घेऊन निघालेला लिफ्टवाला जागच्या जागी थांबला.

ओळख झाली ती अशी. ती पालिकेची झाडवाली बाई. वसाहतींच्या मोकळ्या जागेत लावलेली फळझाडं तपासत फिरायची. या वसाहतीत प्रत्येक घराने एकेक झाड सांभाळायला घेतलं होतं. सात नंबरची मोसंबी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाची. त्याने एक मरतुकडी फांदी छाटून टाकली होती आणि बुडातून उसळलेले जोमदार, काटेरी फुटवे जिवापाड जपले होते. आता मरतुकडी होती तीच खरी मोसंबी, आणि जोमदार होता तो तिच्या खालचा, ज्यावर तिचं कलम बांधलेलं होतं तो जंगली खुंट. वर्षभर गडी भलत्यालाच खतपाणी घालत होता.

चूक दाखवली की लोक ती शेजाऱ्यावर ढकलतात. हा म्हणाला, "मीच छाटली. मला वाटलं, अडगळ आहे." कान धरायचेच काय ते बाकी ठेवले. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. कामावर हसायचं नाही असं तिचं धोरण होतं, आणि तिशी उलटेपर्यंत ते सुखाने पाळलं गेलं होतं.

खुंटाच्या सालीत तिने मोसंबीचा नवा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, भरला आणि वर पट्टी बांधायला घेतली. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. त्याने चटकन छत्री उघडली आणि धरली... खुंटावर. जखमेत पाणी जाता कामा नये, एवढं त्याने ऐकलं होतं. ती भिजत राहिली. त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पार ओशाळला.

"राहू द्या," ती म्हणाली. "रोगी तो आहे."

एकवीस दिवस हात लावायचा नाही, मग पट्टी सोडून बघायचं. डोळा काळा पडला तर पहिले पाढे पंचावन्न. हिरवा असेल तर वहीत तसं लिहायचं, झाड घराच्या ताब्यात द्यायचं आणि तिने पुढच्या वसाहतीत जायचं. तिथे डाळिंबांच्या खोडांत अळी शिरली होती, आणि झाडं सांभाळणारे म्हातारे मास्तर तिची वाट बघत होते.

त्या एकवीस दिवसांत लिफ्टवाल्याचे फोन यायचे. पट्टीवरून मुंगी गेली तर चालेल का? झाडाजवळ शिट्टी वाजवली तर? "माझे गुडघे दुखतात, ते कधी विचारलंस का रे?" मागून त्याच्या आईचा आवाज यायचा. झाडवाली बाई उत्तरं तुटकच द्यायची, पण फोन लवकर ठेवायची नाही.

एकविसाव्या दिवशी पट्टी सुटली. डोळा हिरवागार होता. तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी आठवलं, आता इथून निघायचं. वहीत तिने लिहिलं, 'खात्री नाही. पुन्हा पाहावे लागेल.' इतक्या वर्षांच्या नोकरीतलं तिचं हे पहिलं खोटं.

दुसऱ्या आठवड्यात तेच लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात तर बोटभर कोंब दोन पानं हलवत समोर उभा होता, तरी खात्री नव्हती ती नव्हतीच. लिफ्टवाल्याने ते वाचलं आणि चहा आणून दिला.

चौथ्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. डाळिंबाची दोन झाडं गेली होती. "तुम्ही येणार म्हणून थांबलो होतो," एवढंच ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती तडक सात नंबरपाशी आली.

"हे जगलंय," ती म्हणाली.

"माहीत आहे," हातांचं ग्रीस पुसत तो म्हणाला. "पट्टी सोडलीत तेव्हा मी मागेच उभा होतो. हिरवा दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, जाणकार माणूस खात्री नाही म्हणतोय, तर —" तो अडखळला. "नाही, ते खोटं. बोललो असतो तर तुम्ही गेला असता."

तिने वहीत खरं ते लिहिलं. मग डाळिंबांचं सांगितलं. तो घरातून कुदळ घेऊन आला आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

मास्तरांच्या वसाहतीत त्याने वाळलेली दोन्ही झाडं मुळासकट उपटली आणि नव्या रोपांसाठी खड्डे खणायला घेतले. ती मास्तरांपुढे उभी राहिली.

"उशीर माझ्यामुळे झाला," ती म्हणाली. "तिकडचं काम तीन आठवड्यांपूर्वीच संपलं होतं."

"मग राहिलात कशाला?"

तिने खड्ड्यातल्या माणसाकडे बोट दाखवलं. "यांच्यासाठी. मला आवडतात ते."

खड्ड्यातली कुदळ थांबली. मास्तरांनी चष्मा वर करून त्या माणसाला बराच वेळ न्याहाळलं.

"बरं," ते म्हणाले. "मग त्यांना सांगा, खड्डा अजून हातभर खोल हवा."