चालताना गार, थांबली की गरम

भर दुपारी केकवाली गॅरेजसमोर गाडीतून उतरली, तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाळावरची बट घामानं चिकटली होती. हातात पुठ्ठ्याचा भला मोठा खोका. त्यातला सकाळचा तीन मजली केक एव्हाना एकमजली झाला होता.

"मालक कुठेत?"

एका गाडीखालून आधी दोन पाय सरकत बाहेर आले, मग उरलेला माणूस. तरुण, गालावर ग्रीसचा फराटा. परवा तो इथं नव्हता.

"काका जेवायला गेलेत. मी पुतण्या. बोला."

"परवा एसी दुरुस्त करून दिलात ना? हे बघा!" तिनं खोका उघडून त्याच्या नाकाखाली धरला.

त्यानं वाकून पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "वास मात्र छान येतोय."

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून आणखीच राग आला.

"निघताना मस्त गार असतो. सिग्नलला थांबले की गरम वारा! गाडी पळायला लागली की पुन्हा गार. वेड लागायची पाळी आलीये. उद्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, त्यांचा केक पोचवायचाय. तोही असा बसला तर माझा धंदाच बसला म्हणून समजा."

"चालताना गार, थांबली की गरम..." तो स्वतःशीच पुटपुटला आणि हात पुसत म्हणाला, "चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा."

तो शेजारी बसला, एसीच्या जाळीवर तळहात धरून. नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा. दुसऱ्याच सिग्नलला हवा कोमट झाली. त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं.

"इकडे या. काय ऐकू येतंय?"

तिनं कान दिला. "काहीच नाही."

"तेच तर! एसी लावला की हा पुढचा पंखा फिरायला हवा. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो, थांबल्यावर सगळी मदार पंख्यावर. तो फिरला नाही की आतला गॅस तापतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो."

त्यानं आत हात घातला, चाचपडलं आणि पंख्याच्या वायरचा प्लग दाबला. टक्! पंखा घरघरला. तिची बट उडाली... त्याची नजर त्या बटेमागे गेली आणि घाईघाईनं खाली आली.

"प्लग नुसता टेकवलेला होता," तो जरा थांबून म्हणाला. "चूक माझी. परवा माझ्याकडून नीट बसला नाही. माफ करा."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. परवा तासभर ती त्या गॅरेजात स्टुलावर बसली होती. काम काकांनी एकट्यानं केलं होतं. डोळे बारीक करून, इंजिनात पार नाक खुपसून.

ते परतले तेव्हा काका दारातच उभे होते.

"काय झालं रे? माझ्याकडून काही राहिलं का?"

कसला धास्तावलेला आवाज होता तो! चांगलं सुनावायचं म्हणून आलेली केकवाली म्हणाली, "नाही हो काका. मीच खड्ड्यात आदळली गाडी. काहीतरी सैल झालं होतं."

पुतण्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती निघताना तो खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "उद्या केक मी धरून बसतो. एसी पुन्हा रुसलाच, तर वारा घालीन."

दुसऱ्या दिवशी एसी रुसला नाही. केक ताठ मानेनं पोचला, आजी-आजोबा हरखले. परतताना मात्र केकवालीनं विषय काढलाच.

"एसी दुरुस्त केला त्या दिवशी तुम्ही गॅरेजात नव्हतात."

तो बोटांवरचं ग्रीस खरवडत म्हणाला, "आईवडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. काकांनी वाढवलं, हातात पाना दिला. आता त्यांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जातात. कुणी त्यांना चुकलात म्हटलेलं... मला नाही सोसवत."

"काल मलाही नाही सोसवलं. पण असं पांघरूण किती दिवस घालणार? काल माझा केक गेला. उद्या कुणाचा ब्रेक गेला म्हणजे?"

त्यानं हळूच मान हलवली.

"आत्ताच सांगू," ती म्हणाली. "मी आहे बरोबर."

गॅरेजात पोचल्यावर तिनंच सांगितलं सगळं, काकांसमोर स्टूल ओढून. कालचं स्वतःचं खोटंसुद्धा. काका ऐकत राहिले. शेवटी हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "पोरी, मला घाबरट म्हणालीस तरी चालेल. पण त्या डॉक्टरकडे तू पण ये. हा माझ्यापेक्षा जास्त घाबरतो."

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. ते नीट झाल्याचं डॉक्टर सांगून गेले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला.

"एक अडचण आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्या गाडीत आता काहीच बिघाड उरला नाही."

"ही अडचण?"

"मोठी. आता कुठल्या निमित्तानं याल?"

"निमित्त लागतंच का?" तिचा आवाज उगाचच बारीक झाला.

"मला नाही लागत. मला..." त्यानं मान वर केली. कान लाल झाले होते. "मला तू फार आवडतेस. म्हणजे... तुम्ही."

"नक्की कोण?" तिनं विचारलं. "तू की तुम्ही?"

"तू."

"मग ठीक आहे," म्हणत तिनं त्याचा हात हातात घेतला. नखांत ग्रीस होतंच. तिनं बोटं आणखी घट्ट गुंफली.