चढाचा पंखा

पोत्याची सुतळी सोडली तेव्हा आतून एक लाकडी पंखा निघाला. माणसाच्या उंचीएवढा लांब, दोन पात्यांचा, मधोमध भोक असलेला.

"ह्यात कुणीतरी शिसं घातलंय," हंबीरराव थोरात म्हणाले. "कुणी घातलंय ते मला ठाऊक हाय. तुमी फक्त पुरावा द्या, म्हंजे सयाजीला पोलिसात देतो."

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या छोट्या कचेरीत पंखा जेमतेम मावला. यल्लाप्पाला वाटलं होतं, पोत्यातून बंदूक निघणार. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेल्या माणसाला कुठलीही लांब वस्तू आधी बंदूकच वाटते. त्याचे साहेब, खाजगी तपासनीस जालिंदर बनसोडे, मात्र खुर्चीतून उठून पंख्याजवळ उकिडवे बसले होते. भौतिकशास्त्राची पदवी, मग काही वर्षं पुण्याची एक प्रयोगशाळा. वयानं यल्लाप्पापेक्षा कितीतरी लहान. पण त्यांची नजर आधी वस्तूवर जाई, मग माणसावर.

"पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले.

हंबीरराव हवाई दलात इंजिनाचे फिटर होते. पाकिस्तानची लढाई संपली, पाठोपाठ नोकरी संपली, आणि ते आष्ट्याला परतले ते डोक्यात विमान घेऊनच. एका फ्लाइंग क्लबच्या भंगारातून इंजिन आणलं. लाकूड आणि कापड वापरून एका माणसापुरतं विमान रानातल्या शेडमध्ये बांधलं. निम्मा वाटा सयाजी खोताचा. सयाजी त्यांचा लंगोटीयार. सैन्यात ड्रायव्हर होता, आता स्वतःचा ट्रक चालवत होता.

"आणि भांडण पंख्यावरून?"

"व्हय. ह्याची पाती जाग्यावर घट्ट असतात. एकदा कोरली की त्यांचा तिरपेपणा बदलता येत न्हाई." यल्लाप्पाचा चेहरा बघून हंबीरराव त्याच्याकडे वळले. "हवालदार, समजा ट्रकला एकच गिअर हाय. खंबाटकी चढणारा गिअर बसवला, तर घाट चढंल पण सपाटीला रखडंल. सपाटीचा बसवला, तर पळंल झकास, पण घाटात बसकण मारंल. पंख्याचं तसंच. पाती कमी तिरपी, तर इंजिन मोकळं फिरतं आन विमान थोडक्या जागेत उठतं. जास्त तिरपी, तर वर गेल्यावर वेग, पण जमीन सोडायला लांब धाव. माझी धावपट्टी आखूड. पुढं ऊस, त्याच्या पल्याड चिंचा. मी म्हणलं, चढाचा पंखा. सयाजी म्हणला, वेगाचा. त्याला साताऱ्यापतुर गरकन जाऊन यायचंय. शेवटी दोन्ही करून घेतले."

"बसवला कुठला?"

"चढाचा. ह्योच. नवरात्राच्या आधी जमिनीवर चालवला, तर लोण्यावानी फिरला. दसऱ्यानंतर पुन्हा चालवला, तर हिवताप भरल्यागत सगळं विमान थडथडाय लागलं. इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. पुढच्या शनिवारी मुंबईचे अधिकारी बघायला येणार हायत. ह्यो न्हाई चालला तर वेगाचा बसवावा लागंल. म्हंजे सयाजीचंच खरं."

"इंजिन सुरू कसं करता?"

"बटण माझ्या हातात. सयाजी पुढं हुबा राहून पंखा हातानं फिरवतो. पहिले फेरे बटण बंद ठेवून; चुकून चालू ऱ्हायलं तर पातं हात तोडंल."

जालिंदरनी पंख्याच्या भोकातून सळई घातली आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवली. एक पातं झपकन खाली गेलं.

"आधी असं न्हवतं," हंबीरराव कळवळून म्हणाले. "जिथं सोडंल तिथं थांबत हुता."

"नवरात्रात कुठं होता पंखा?"

"मी कागदपत्रांसाठी साताऱ्याला होतो. शेडची दुसरी किल्ली सयाजीकडं. म्हणून जाताना पंखा शेडमधनं काढून घरात दिला. बनुला, म्हंजे कारभारणीला, सांगितलं, जिथं कुणी हात लावणार न्हाई अशा जागी ठेव. पर सयाजीला आमच्या घरात कोण अडवतंय? बनुचा मानलेला भाऊ त्यो."

यल्लाप्पानं खाली गेलेल्या पात्याचं टोक निरखलं. तिथं केसासारखा पिवळट धागा चिकटला होता. त्यानं तो नखानं खरवडला.

"टाकू नका," जालिंदर म्हणाले, आणि तो धागा काडेपेटीत ठेवला.

*

पंखे कोरणारा धोंडिराम सुतार सांगलीतच, गणपती पेठेच्या मागं राहत होता. त्यानं पंखा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"माझ्यावर आळ? अवो, ह्या दोघांनी माझं डोकं पिकवलं! ह्यो म्हणतो चढाचा, त्यो म्हणतो वेगाचा. सोयरीक जमवताना नसंल एवढी घासाघीस."

"एखादं पातं तासून हलकं केलं, तर दुसरं जड वाटेल," जालिंदर म्हणाले.

"माझ्याच हातानं माझीच अब्रू तासू व्हय?"

जालिंदरनी वाद घातला नाही. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन एका पात्याच्या उताराबरहुकूम कापला आणि दुसऱ्या पात्यावर त्याच जागी बसवला. चपखल बसला. आणखी दोन ठिकाणी तसंच केलं. कुठंही फट दिसली नाही.

"नवा असताना वजन केलं होतंत?"

"व्हय की. शेजारच्या गुळाच्या काट्यावर. पाच किलो, काटा सरळ."

पंखा त्याच काट्यावर गेला. पाच किलोवर शंभर ग्रॅमचं माप टाकलं तेव्हा काटा सरळ झाला.

"शिसं!" यल्लाप्पा म्हणाला.

जालिंदरनी भिंग काढून पात्यावरून हळूहळू फिरवलं. ना भोक, ना ते लांबीच्या लगद्यानं बुजवल्याची खूण. फक्त टोकाशी लाकूड उघडं होतं आणि थोडं काळपट दिसत होतं.

"टोकाला व्हार्निश नाही?"

"तिथं पितळी टोप्या बसवायच्या राहिल्यात. त्या बसवल्या की मग व्हार्निश. म्हटलं हुतं, थांबा जरा. पर हंबीररावांना दम कुठला!"

"चला आमच्याबरोबर आष्ट्याला," जालिंदर म्हणाले. "येताना टोप्या घ्या."

*

आष्ट्याच्या रानात शेडबाहेर सयाजी ट्रकचं चाक बदलत होता. हंबीररावांना पाहून तो हसला. ते हसले नाहीत.

"काय रं, पंखा घेऊन कुठं हिंडतोयस? मी म्हणलं हुतं, वेगाचाच बसव. तुझा चढाचा म्हंजे म्हातारीची बैलगाडी!"

"ऐकलंत?" हंबीरराव जालिंदरच्या कानाशी कुजबुजले.

जालिंदर शेडमध्ये शिरले. वेगाचा पंखा भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवा ठेवलेला होता. शेजारी तशाच दोन खुंट्या रिकाम्या होत्या.

"तो दिवस आठवतो?" त्यांनी सयाजीला विचारलं. "विमान थडथडलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हंजे? पंख्याच्या म्होरं! इंजिन लागलं, मी चार पावलं मागं सरलो न सरलो तोवर हे सुरू. तुटून आला असता तर माझंच मुंडकं." त्यानं मानेवरून बोट फिरवलं. "तरीबी हंबीर त्या दिवसापास्नं माझ्याशी धड बोलत न्हाई. काय झालंय त्याला?"

यल्लाप्पानं ट्रकच्या केबिनमध्ये डोकावलं. आरशाला पिवळ्या सुकलेल्या कोंबांचा झुपका बांधला होता.

"दसऱ्याला वैनींनी दिला," सयाजी म्हणाला. "यंदा घट लय जोमात आला. वैनी पाणी घालायला हात आखडत न्हाईत."

यल्लाप्पाला माणूस आवडला. पण आवडलेल्या माणसांनी दगा दिल्याची उदाहरणं पलटणीत कमी नव्हती. त्यानं संशय तसाच ठेवला.

घरी बनुबाईंनी चहा केला. जालिंदरनी सरळच विचारलं, "ताई, विमान उडू नये असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतंय की. आपल्या नवऱ्यानं आभाळात जावं असं कुणाच्या बायकूला वाटंल? पर ह्येंनी जप म्हटलं, म्या जपलं. नऊ दिवस कुणाची सावली पडू दिली न्हाई."

"सयाजी आले होते?"

"रोज. भाईर च्या प्यायचा आन जायचा. आत न्हाई."

जालिंदरनी पाणी मागितलं आणि तांब्या घेऊन देवघराच्या दाराशी उभे राहिले. यल्लाप्पाही डोकावला. देव, समई, कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केलेली जुनी तलवार. तिच्या शेजारी जमिनीवरचं सारवण गोल आकारात उखडलेलं. घर इतकं लख्ख, मग तेवढंच सारवायचं कसं राहिलं, असं त्याच्या मनात आलं.

जालिंदर म्हणाले, "सगळ्यांना अंगणात बोलवा."

*

अंगणात हंबीरराव एका टोकाला बसले, सयाजी दुसऱ्या. मध्ये पंखा होता.

"धोंडिरामांनी पात्याला हात लावलेला नाही," जालिंदर म्हणाले. "दोन्ही पाती अजून एकाच पुठ्ठ्यात बसतात. शिवाय लाकूड तासलं असतं तर पंखा हलका झाला असता. तो जड झालाय."

"म्हणजे शिसंच," यल्लाप्पा पुटपुटला.

"शिसं घालायला भोक लागतं. भोक नाही. आणि शिसं घालणारा माणूस त्याच पंख्यासमोर मान देऊन उभा राहील का? बटण हंबीररावांच्या हातात असतं. पंखा तुटला असता तर सगळ्यात आधी सयाजीरावांना लागला असता. ते बिनधास्त पुढं उभे राहिले, कारण त्यांना काही माहीत नव्हतं."

सयाजीनं मान वर केली. आपल्यावर संशय होता हे त्याला आत्ता कळलं. त्यानं एकदा हंबीररावांकडे बघितलं. त्यानं भांडायला हवं होतं, असं यल्लाप्पाला वाटलं.

"यल्लाप्पा, भोक न पाडता लाकडात काय शिरतं?"

यल्लाप्पानं विचार केला. मग हळूच म्हणाला, "पाणी."

"पाणी. टोक उघडं होतं, व्हार्निश नव्हतं. शेडमध्ये दोन्ही पंख्यांना आडव्या खुंट्या आहेत. लाकडी पंखा आडवा ठेवला की ओल दोन्ही पात्यांत सारखी राहते. उभा ठेवला की खालचं पातं पिऊन बसतं. हा पंखा नऊ दिवस उभा होता, आणि ओल्या मातीत." त्यांनी काडेपेटी उघडली. "हा टोकाला चिकटलेला कोंब. सयाजीरावांच्या आरशाला बांधलेत तसलाच. घटाचा."

"अगं बया!" बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. "तलवारीशेजारी हुबा केला म्या. ह्येंचं हत्यारच त्ये, आन आमच्यात देवापुढं हत्यार आडवं ठेवत न्हाईत. आडवं म्हंजे पडलेल्या गड्याचं. टोक घटाच्या मातीत टेकलं हुतं खरं... आन म्या रोज पाणी घालत हुते."

"तुमचं काही चुकलं नाही, ताई. जिथं कुणी हात लावणार नाही अशी जागा सांगितली होती. नवरात्रात अशी जागा घरात एकच, मांडलेला घट. तुम्ही सांगितलं तेच केलंत."

"मग चुकलं कुणाचं?" धोंडिरामानं विचारलं.

जालिंदरनी काडेपेटी मिटली. ते हंबीररावांकडे बघत राहिले. यल्लाप्पाच्या लक्षात आलं, साहेब नाव घेणार नाहीत.

"खुंटीवरनं मीच काढला," हंबीरराव म्हणाले. "सयाजीकडं किल्ली हाय म्हणून. खुंटीवर ऱ्हायला असता तर काय झालं नसतं. लाकडी पंखा आडवा ठेवायचा, हवाई दलात हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. आन बनुला सांगायचं इसरलो. डोक्यात फक्त तूच हुतास, सयाजी."

सयाजीनं खिशातून शेडची किल्ली काढून पंख्याशेजारी ठेवली. "एवढंच हुतं तर मागायची रं. दिली असती."

तो ट्रकपाशी गेला. चाक बसवायचं राहिलं होतं.

*

शिसं असतं तर ते राहिलं असतं. पाणी होतं, म्हणून गेलं. पंखा खुंट्यांवर आडवा पडून वाळला. धोंडिरामानं एकेक सांधा ठोकून तपासला, टोकांना टोप्या बसवल्या, वरनं व्हार्निश पाजलं. सळईवर टांगला तर पंखा जिथं सोडावा तिथं थांबला.

शनिवारी मुंबईचे अधिकारी जीपमधून उतरले तेव्हा हंबीरराव विमानात बसले होते आणि पंख्यासमोर कुणी नव्हतं. जालिंदर आणि यल्लाप्पा बांधावर उभे होते.

"सयाजी येतो का नाही, साहेब?" यल्लाप्पानं विचारलं.

"पंख्याचं सांगू शकतो," जालिंदर म्हणाले. "माणसाचं नाही."

मग उसाच्या कडेनं ट्रक आला. सयाजी उतरला, विमानाला एक फेरी मारली, पंख्याकडे वाकडं तोंड करून बघितलं.

"म्हातारीची बैलगाडीच बसवलीस म्हण की."

"तुझा पंखा बसवला असता तर चिंचांवर अडकलो असतो," हंबीरराव आतून म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला. हातात किल्ली होती. "ही धर आधी. मग पंख्याला हात लाव."

सयाजीनं किल्ली घेतली, पाहिली आणि खिशात टाकली. मग पंख्यासमोर येऊन त्यानं दोन्ही तळवे पात्यावर ठेवले.

"बटण बंद?"

"बंद."

आत डोकावून बटण बघायची त्याला गरज वाटली नाही. त्यानं पातं खाली ओढलं.