जुन्या सीडीतली बिजलीबाई

"माह्या बायकोले चोरून नेलं, बाई," म्हातारा दारातूनच म्हणाला.

कमलाकरमामांचा चहा बशीतच राहिला. भैरवी वखरे मात्र हलली नाही. यवतमाळच्या दत्त चौकात खासगी तपासाचा धंदा थाटून बसलेल्या बाईकडे असले नवरे काही कमी येत नाहीत.

"कधी गेल्या?" तिनं विचारलं.

"मरून लय वर्सं झाली. तापानं गेली."

मामांनी भाचीकडे पाहिलं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले मामा तिच्यासोबत तपासाला हिंडतात आणि हटकून चुकीच्या माणसावर संशय घेतात. आज तर त्यांना फिर्यादीचाच संशय आला.

म्हातारा खाली टेकला. भावसिंग राठोड, कळंबजवळच्या तांड्यावरचा. त्यानं सांगितलं ते असं.

पोरं लहान असताना त्याच्या तांड्यावर एका सिनेमाचं शूटिंग झालं. तो तेव्हा राजूरला कोळसा भरायला गेला होता. परत आला तर बायको, बिजलीबाई, हसत दारात उभी. म्हणे, मी सिनेमात हाव! "दिवसभर एका जागी बसवलं म्हणे तिले. पाय सुन्न झाले. रात्री मीच चोळून देल्ले."

सिनेमा पडद्यावर यायच्या आधीच बिजलीबाई गेली. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. पुढं सिनेमाची सीडी निघाली, ती भावसिंगनं आणली. तिच्यात पाण्याचा हंडा घेतलेली एक बाई येते, इकडंतिकडं पाहते आणि जाते. भावसिंगनं बोट दाखवलं, ही पाहा माही बिजली. तेव्हापासून रोज जेवणाआधी तो तेवढाच भाग लावायचा आणि तिच्याशी बोलायचा.

"कशा होत्या दिसायला?" भैरवीनं विचारलं.

"हनवटीवर गोंदण. डावरी होती. डाव्या हातानं भाकर थापे तं माही माय चिडे." तो हसला, मग हसू गेलं. "पण सीडीत नीट दिसत नाई, बाई. सगळे चौकटचौकट ठिपके. अवंदा माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, अन् पोरानं नवी साफ केलेली डिस्क आणली. दिवाळीले सारे जमू, मंग लावू म्हणलं. तं डब्बी हाय, अन् आतून डिस्क गायब! मरायच्या आधी तिचं तोंड एकडाव साफ पाहाचं हाय मले. बस."

भैरवीनं पर्स उचलली.

*

घरात मोठा टीव्ही होता, खाली प्लेअर, आणि शेजारच्या फळीवर नव्या डिस्कची रिकामी डबी. जुनी सीडी तिच्याच बाजूला, जागच्या जागी.

"चोर खुळाच दिसतो," मामा म्हणाले. "डबी टाकून गेला!"

भावसिंगनं जुनी सीडी लावली. चित्र चौकोनी, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे. धुरकट उजेडात काळी ओढणी घेतलेली एक बाई गुडघ्याखालपर्यंत दिसत होती, कमरेवर हंडा. चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट डाग. खाली तिच्या पायाशी कुणीतरी मान खाली घालून शिवत बसलेलं.

"काय ऐटीत उभ्या आहेत!" मामा म्हणाले, आणि भावसिंगची मान ताठ झाली.

भैरवीनं तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मामांना जांभई आली.

पोरगा प्रेम वणीहून आला. तो कोळशाचा ट्रक चालवतो.

"मी कायले चोरू? मीच आणली न!" तो तडकला. "पाहाची बी फुरसत नाई भेटली. डब्बी बापूच्या हाती देल्ली अन् ट्रकवर गेलो."

"बरं, आई कोणत्या ओढणीत आहे सिनेमात?"

"काळ्या. काहून?"

"सहज."

मुलगी बबिता याच तांड्यात दिलेली, रोज बापाला भाकरी करून घालणारी. ती चुलीपुढून उठलीच नाही.

"मले त्या मशिनीतलं काई समजत नाई, ताई. नवी तं म्या पाह्यली बी नाई."

"आईची ओढणी कशी होती, आठवतं?"

"सिनेमात न? लाल," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

उरला मंदार. यवतमाळचा हा पोरगा एकाच सिनेमाच्या कॅसेट, सीडी, डिस्क जमवतो, चित्रं शेजारीशेजारी लावतो आणि कशात काय बरं दिसतं ते इंटरनेटवर लिहितो. प्रेमला नवी डिस्क त्यानंच मिळवून दिली होती.

"माझ्याकडे स्वतःची प्रत आहे, मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "मला हवी होती ती त्यांची जुनी सीडी. किती मागे लागलो, काका देत नाहीत."

"ती घाण सीडी?" मामा किंचाळले.

"घाण खरी, पण चित्र पूर्ण आहे. नव्या डिस्कमध्ये रंग उजळले, धूळ काढली, सगळं झकास. पण आजच्या लांबट टीव्हीत बसवायला चित्र वरून-खालून कापलंय."

त्यानं आपली प्रत लावून दाखवली, आणि भैरवीनं तो हंड्याचा भाग दोनदा पाहिला. परतीच्या वाटेवर मामा म्हणाले, "मंदारच चोर. लिहून घे." भैरवीचे डोळे भरले होते, आणि हे मामांनी कधी पाहिलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सगळे भावसिंगच्या घरी जमले.

"चोराला जुनी सीडी नको होती," भैरवी म्हणाली. "म्हणजे मंदार नव्हे, तो तिच्याच मागे होता. डबी ठेवली, कारण ती रोज बापूंच्या नजरेसमोर असायची. चोर घरचाच. मी प्रत्येकाला ओढणीचा रंग विचारला. जुन्या सीडीत ती काळी दिसते. प्रेमनं काळी सांगितली, त्यानं तेवढंच पाहिलंय. लाल आहे असं नवी डिस्क पाहिलेल्यालाच सांगता येईल. बबिता, तू लाल म्हणालीस."

बबितानं पदर तोंडात कोंबला.

"तू काहून लपवली, पोरी?" भावसिंगला राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"नका लावू, बापू. तुमच्या पाया पडतो."

"आण."

ज्वारीच्या कोठीतून डिस्क निघाली. प्रेमनं लावली. तांडा उजळला, चुलीचा धूर वेगळा दिसला. लाल ओढणीतली बाई आली. तेच इकडंतिकडं पाहणं, तोच हंडा. गोरीपान, रेखलेल्या भुवया. हनुवटी कोरी.

भावसिंग टीव्हीजवळ सरकला. बराच वेळ पाहत राहिला.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

बबिता हमसून रडायला लागली. "म्या आधी पाह्यली, बापू. आपली याडी, आपली माय नाई हे. तुम्ही रोज बोलता तिच्यासंग... कसं सांगू तुमाले?"

"नटी आहे, बापू. मुंबईची," भैरवी हलकेच म्हणाली. "पण बिजलीबाई खोटं बोलल्या नव्हत्या. तुम्हीच सांगितलंत, त्यांना दिवसभर बसवलं, पाय सुन्न झाले. ही तर उभी आहे. प्रेम, जुनी सीडी लाव."

पुन्हा धुरकट उजेड, काळी ओढणी.

"हिला नका पाहू. खाली पाहा, तिच्या पायाशी. नव्या डिस्कमध्ये चित्र कमरेशीच कापलंय, तिथं फक्त डोक्यावरच्या पदराचं टोक उरलंय. इथं पूर्ण बाई आहे. शिवतेय. सुई कोणत्या हातात आहे?"

ठिपक्यांच्या त्या चिखलात एक हात वरखाली होत होता. डावा.

भावसिंगनं तोंडावर हात धरला. "असाच दोरा ओढे ते... असाच लांब," तो पुटपुटला. मग त्याचा बांध फुटला. "इतकी वर्सं परक्या बाईसंग बोललो, अन् माही बायको खाली बसून ऐकून राह्यली."

"तोंड मोठं करून दाखव न मंदार," प्रेमचा आवाज चिरकला. "तुह्याकडं मशिनी हायेत."

मंदारनं मान हलवली. "मान खाली आहे रे. चेहरा कॅमेऱ्यात आलाच नाही. नसलेलं कुठून काढू?"

मामांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

भावसिंग उठला. दांडीवरचा टॉवेल घेतला आणि टीव्हीच्या माथ्यावरून असा सोडला की उभी बाई झाकली गेली. खाली वीतभर पट्टी उरली. तिच्यात बसलेली बाई आणि तिचा हात. तो जमिनीवर तिच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"बिजली," तो म्हणाला, "मान वर कर न. एकडाव."

ती शिवत राहिली. मग तो भाग संपला, आणि बबितानं डोळे पुसत तो पुन्हा पहिल्यापासून लावला.